टोपलीतलं पिल्लू

माझं माहेर पासलीचं, वेल्ह्याच्या डोंगरातलं. लग्न होऊन मी आंबवड्याला आले तेव्हा मला सगळ्याचीच लाज वाटायची. बोलण्याची, चालण्याची, जाडीभरडी भाकरी थापण्याची. सासरच्यांची ऊठबस भोरच्या संस्थानी माणसांत, म्हणून घरात आवाज हळू, पदर डोक्यावर, आणि पुरुष ओट्यावर असले की बायकांनी माजघराचा उंबरा ओलांडायचा नाही. मालक पुण्याला कामाला. त्यामुळे मनातलं बोलायला हक्काचं माणूस म्हणाल तर घरात कुणीच नव्हतं.

त्या वर्षी आमचं राखणीचं कुत्रं बिबट्यानं नेलं. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, धनगराच्या वाड्यावरून एक पिल्लू आणलं. काळं, पांढऱ्या पायांचं, पोट नगाऱ्यासारखं. ते कुणी सांभाळायचं हे ठरलंच नाही, पण ते माझ्याच पायांत येऊ लागलं. परसात भांडी घासायला बसले की माझ्या लुगड्याचा काठ तोंडात धरून ओढायचं. मी त्याच्याशी पासलीच्या बोलीत बोलायची. त्याला माझी बोली हसण्यासारखी वाटत नव्हती.

मग म्हैस व्याली. चिकाचं भांडं माझ्या हातून कलंडलं आणि पिल्लानं जमिनीवरचा सगळा चीक चाटून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्याला पिवळं पाणी सुरू झालं. मी घाबरले. पासलीला आमचं एक करडू असंच हगवणीनं गेलं होतं. सकाळी लागली आणि उन्हं चढायच्या आत मान टाकली. माझ्या डोळ्यांपुढे तेच दिसायला लागलं.

त्याच दिवशी वन्संना, माझ्या नणंदेला, बघायला भोरहून पाहुणे आलेले. ओट्यावर सतरंजी, पोह्यांच्या ताटल्या, मधोमध मान खाली घालून बसलेल्या वन्सं. मला कसलंच भान राहिलं नाही. मी परसातून धावत सरळ ओट्यावर गेले आणि ओरडले, "मामंजी, पिल्लू मरतंय! पिवळं पानी हागतंय सारखं!"

एका पाहुण्याचा घास हातातच राहिला. आणि माझ्या मागोमाग ते मरणारं पिल्लू शेपटी हलवत उड्या मारत आलं, मुलाच्या वडलांच्या धोतरावर पुढचे पाय ठेवून त्यांच्या ताटलीतले पोहे खायला लागलं. कुणीतरी आधी हसलं, मग सगळेच हसले. मामंजी हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी आत गेले आणि धान्याच्या कणगीच्या मागे जाऊन उभी राहिले. तिथून पाहुणे जाईपर्यंत हलले नाही.

ती सोयरीक जुळली नाही. का जुळली नाही ते कुणी सांगितलं नाही, पण मला वाटायचं, माझ्यामुळेच. आत्याबाई, माझ्या सासूबाई, रागावल्या नाहीत. संध्याकाळी चुलीपुढे एवढंच म्हणाल्या, "उड्या मारतंय त्याला मरतंय म्हनत्यात व्हय? पोरी, पोट बिघडलं तरी जोवर ते खेळतंय, पानी पितंय, तोवर घोर न्हाई. त्याचं दूध बंद कर, पेज दे." आणि खरंच, पेजेवर ठेवलं तर पिल्लू दोन दिवसांत बरं झालं. मी मात्र त्यानंतर घरात तोंड उघडायचं जवळजवळ सोडूनच दिलं.

चैत्राचं ऊन तापायला लागलं तेव्हा ते पुन्हा आजारी पडलं. आधी नुसतं पातळ होत होतं. मी म्हटलं, असू दे, होईल बरं, या खेपेला हसू करून घ्यायचं नाही. पण सकाळी मी भांडी घासायला बसले तरी ते आलं नाही. बैलगाडीच्या खाली पडून होतं. हाक मारली तर नुसते डोळे उघडले. पाणी पुढे धरलं तर प्यायलं, आणि लगेच ओकलं. ओकारीत पांढरा फेस. मागचं सगळं भरलेलं, त्यात रक्त, आणि वास असा की नाकाला पदर लावावा लागला. मी ओठ वर करून हिरड्या बघितल्या. कोरड्या, चिकट, रंग उडालेल्या. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहिली.

मला कळलं. आत्याबाई म्हणाल्या होत्या त्यातलं एकही लक्षण आता नव्हतं. ते खेळत नव्हतं आणि पाणी त्याच्या पोटात टिकत नव्हतं. पण मामंजी ओट्यावर दोघा-चौघांत बसलेले. माझे पाय माजघराच्या उंबऱ्याशी गेले आणि तिथेच थांबले. शेवटी मी आत्याबाईंकडे गेले. त्या तांदूळ पाखडत होत्या. मी म्हटलं, "आत्याबाई, तुमी येऊन बघा. म्या काई बोलत न्हाई, तुमीच बघा."

त्या आल्या, गाडीखाली वाकल्या. मग सूप तिथेच टाकून, मला दंडाला धरून ओट्यावर घेऊन गेल्या. बसलेल्या माणसांदेखत मामंजींना म्हणाल्या, "गाडी जुंपा. पिल्लाला भोरला ढोरांच्या डाक्टराकडं न्यायचं हाय."

"कुत्र्याला?" मामंजी म्हणाले. "लोक काय म्हनतील?"

"म्हनू द्यात. थोरल्याच्या पाठचं जुलाबानं सुकत हुतं तवाबी पावनंच बसलं हुतं हितं. तुमी मला डोळ्यानं आत जा म्हनलासा, आन् म्या गेले."

थोरले म्हणजे माझे मालक. त्यांच्या पाठीवर एक मूल होऊन गेलं होतं हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. ओट्यावरची माणसं उठून जोडे शोधायला लागली. मग मामंजींनी स्वतः जाऊन बैल सोडून आणले.

पिल्लाला टोपलीत ठेवलं, वर मामंजींचं उपरणं टाकलं. मलाही गाडीत बसवलं, कारण त्याचं काय काय झालं ते मलाच ठाऊक. वाटेत ओळखीचा एक गाडीवान भेटला. म्हणाला, "काय अन्ना, टोपलीत काय?"

"कैऱ्या," मामंजी म्हणाले.

"द्या की दोन, चटनीला."

"पावन्यांच्या हायत." असं म्हणून त्यांनी बैलांना उगाच आसूड लावला. त्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसले. एवढा मानाचा माणूस माझ्यापायी खोटं बोलला होता. मला वाटलं, गाडीतून उतरावं आणि पासलीची वाट धरावी.

भोरच्या गुरांच्या दवाखान्यापुढे बैल, म्हशी आणि त्यांना धरून उभी असलेली माणसं. डॉक्टर तरुण होते, बाह्या वर केलेल्या. मामंजींना बघून म्हणाले, "जनावर कुठंय?" मामंजींनी उपरणं बाजूला केलं. मागे हशा पिकला. एकजण म्हणाला, "आता कोंबड्याबी आना!"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पिल्लू टेबलावर घेतलं आणि विचारायला सुरुवात केली. ओकतंय कधीपासून? रक्त आधी दिसलं की नंतर? लघवी झाली का? मामंजींना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. डॉक्टर माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही सांगा."

परक्या पुरुषाशी मी कधी बोलले नव्हते. आणि बोलायचं काय, तर हागणं, मुतणं, रंग, वास. सगळा दवाखाना ऐकत होता. मी पदर दातांत धरला आणि टेबलाच्या पायाकडे बघत सगळं सांगितलं. घाम कानामागून वाहत होता. मध्येच मी पासलीचा एक शब्द वापरला आणि कुणीतरी खुसखुसलं. तरी मी थांबले नाही, कारण थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

डॉक्टरांनी पिल्लाच्या कातडीखाली सुईनं मिठाचं पाणी घातलं, एक पूड दिली. मामंजींना म्हणाले, "पोट सगळ्याच पिल्लांचं बिघडतं. पण पोटात पाणी ठरेना, रक्त पडायला लागलं आणि पिल्लू उठेना, की वाट बघायची नाही. एवढ्याशा जिवात पाणी असतं किती? उद्या आणलं असतंत तर माझा इलाज चालला नसता. आताही वाचेलच असं सांगत नाही."

परतताना मामंजींनी गाडी रस्त्यापासून आत, एका आंब्याखाली नेऊन थांबवली, कुणाला दिसू नये म्हणून. घरून आणलेलं पेजेचं पाणी होतं, मीठ-गूळ घातलेलं. मी बोट बुडवून थेंब थेंब पिल्लाच्या जिभेवर सोडू लागले. त्याची मान कलायची. मामंजींनी ती आपल्या तळहातावर धरली. आणि म्हणाले, "त्या वक्ताला बी मला कळत हुतं." मी वर बघितलं नाही. सासऱ्याच्या डोळ्यांकडे बघायची माझी हिंमत नव्हती, आणि त्यांचीही मी बघावं अशी इच्छा नसणार.

पिल्लू वाचलं. हाडांचा सापळा झाला होता, पण एका सकाळी ते स्वतःहून उठून पाण्यापर्यंत गेलं, प्यायलं, आणि ते पोटात राहिलं. आत्याबाई तिथेच उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

गोष्ट गावभर झाली होतीच. ओढ्यावर बायका मला कुत्र्याची डाक्टरीण म्हणायला लागल्या. सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची ती वरच्या आळीची एक बाई. माझ्या बोलण्याची नक्कलही करायची. मी मग बायका परतल्यावर, भर उन्हात धुणं घेऊन जायची.

पावसाळ्याच्या तोंडाला तीच बाई आमच्या परसात आली. पदराखाली पिल्लू होतं. म्हणाली, "सकाळपासनं ढाळ लागल्यात. लई भ्या वाटतंया."

मी पिल्लू खाली सोडलं. ते लगेच कोंबडीच्या मागे धावलं. हिरड्या लाल, ओल्या. पाणी ठेवलं तर लपालपा प्यायलं, आणि आम्ही दोघी बसून राहिलो तरी ओकलं नाही.

"काय खाल्लं यानं?"

ती खाली बघायला लागली. "शेजारनीचा लोण्याचा गोळा. तिला ठावं न्हाई. तू सांगू नगंस."

"न्हाई सांगत," मी म्हटलं. "पेज दे नुसती. गप पडून ऱ्हायलं तर मातर लगेच ये."

ती मान हलवून उठली. मला हसायला यायला हवं होतं, पण तिला माझ्याकडे बघवत नव्हतं, तसं मलाही तिच्याकडे बघवेना. तिनं पिल्लू पदराखाली झाकलं आणि कुणी बघत नाही ना हे बघून मागच्या वाटेनं गेली.