कानिफनाथची तिरपी होडी

कानिफनाथ पाण्याला भितो. हे त्याच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्यावरून त्याला कुणी हसत नाही. नेवासा तालुक्यात, जायकवाडी धरणाच्या फुगवट्याकाठी, सव्वीस वर्षं त्याने या काठावरून त्या काठाला माणसं नेली. शेळ्या नेल्या, मोटारसायकली नेल्या, एकदा नवरा, नवरी आणि बँडवाले एकाच खेपेत नेले. कुणी बुडालं नाही. वारा सुटला की तो होडी सोडत नसे. लोक शिव्या देत, तो खाली मान घालून ऐकून घेई. होडीत पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाकडे एकदा बघून तो जागा दाखवायचा. एक बाजू जराशी जड झाली तरी त्याच्या पोटात काहीतरी सरकायचं, आणि सगळं सारखं होईपर्यंत ते जाग्यावर येत नसे.

पलीकडे जायला रस्ता झाला, पूल झाला, आणि उतारू संपले. मग काठावर एकाने रिसॉर्ट काढलं. मुंबईकडून जुनी, पांढरी, इंजिनाची होडी ट्रेलरवर घालून आणली आणि चालवायला कानिफनाथला बोलावलं. होडीबरोबर मोनिका आली. मूळची श्रीरामपूरची, चार वर्षं दुबईत पाण्यावरचे खेळ शिकवून वडिलांच्या आजारपणात परतलेली. तिच्या काखेत एक आखूड, रुंद फळी होती.

"काका, होडीमागं जी लाट उठते ना, तिच्यावर ही फळी घालून मी उभी राहणार," तिने सांगितलं. "आधी दोरी धरून. लाट नीट मिळाली की दोरी सोडायची. मग लाटच ढकलते. याला वेकसर्फिंग म्हणतात."

"दोरी सोडायची?"

"हो."

"मुद्दाम?"

कानिफनाथची बायको रंगुबाई शेजारी मासे निवडत होती. ती म्हणाली, "यांना जिन्यावर कठडा सोडवंना, आन् तू दोरी सोडायची सांगती."

पहिला दिवस होडी समजून घेण्यात गेला. कानिफनाथने आधी पाण्यात फिरणारा पंखा पाहिला. त्याच्या जुन्या होडीचं इंजिन मागे लटकलेलं असायचं आणि पंखा उघडा फिरायचा. हिचा पंखा तळाखाली, बराच आत होता. मोनिका म्हणाली, मागे इंजिन लटकणाऱ्या होडीमागे हा खेळ कधीच खेळायचा नाही, कारण माणूस लाटेवर होडीच्या अगदी जवळ असतो. किती जवळ, ते तिने काठावर पावलं टाकून दाखवलं. चार पावलं. त्या चार पावलांकडे तो बराच वेळ बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी तिने जाड रबरी पिशव्या काढल्या. त्यांत पंपाने तलावाचंच पाणी भरायचं. एक पिशवी पुढे, एक मध्ये, आणि दोन मोठ्या मागे, दोन्ही डाव्या कोपऱ्यात.

"दोन्ही डावीकडं?" कानिफनाथने विचारलं.

"होडी मागून आणि डावीकडून दबली पाहिजे. तरच त्या बाजूला लाट उंच आणि स्वच्छ उठते."

पिशव्या फुगत गेल्या तशी होडी कलत गेली. मागचा डावा कोपरा पाण्यापासून वीतभर राहिला. कानिफनाथच्या पोटात ते सरकायला लागलं. सव्वीस वर्षं ज्याच्यापासून त्याने लोकांना वाचवलं होतं, तेच त्याच्या देखत, पंप लावून, मुद्दाम चाललं होतं.

रंगुबाईला मागे तोंड करून बसवलं. मोनिका पडली की हात वर करायचा, एवढंच तिचं काम. कानिफनाथला सांगितलं, वेग ताशी अठरा किलोमीटर, कमी नाही जास्त नाही. "आणि मी पडले तर एकदम बंद करायचं नाही. हळूहळू वेग कमी करा, सावकाश वळा, जवळ आलात की चावी बंद. एकदम थांबलात तर आपलीच लाट मागून येऊन आत शिरेल. कोपरा खाली आहे, विसरू नका."

"मी काय इसरतोय," कानिफनाथ म्हणाला. त्या रात्री तो जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दोन पिशव्यांपैकी एक फुटलेली निघाली. मोनिका अजून यायची होती. कानिफनाथने त्याला जे माहीत होतं ते केलं. रिकामी होडी वाऱ्यात हेलकावे घेऊ नये म्हणून फुगवट्यावरचे सगळे होडीवाले तळात वाळूची पोती टाकतात. त्याने युरियाच्या सहा रिकाम्या गोण्यांत काठची वाळू भरली, तोंडं सुतळीने शिवली आणि डाव्या कोपऱ्यात आसनाखाली रचली. वजन ते वजन, असं त्याला वाटलं. मोनिकाला सांगायचं राहून गेलं. खरं तर तिने परत त्या दबलेल्या कोपऱ्याचं बोलणं काढून त्याची भीती वाढवू नये म्हणून त्याने सांगितलं नाही.

मोनिका पाण्यात उतरली. टाचा फळीवर ठेवून, गुडघे पोटाशी घेऊन तरंगत राहिली. त्याने होडी पुढे काढली, दोरी ताणली आणि ती फळीवर उभी राहिली. चाकासमोरच्या आरशात त्याला तिचं डोकं दिसत होतं, मग खांदे, मग लाटेची हिरवी भिंत. तिने दोरी होडीत फेकली.

"सोडली वो!" रंगुबाई ओरडली. "आयाया, सोडली!"

आता तिच्या आणि होडीच्या मध्ये काहीच नव्हतं. कानिफनाथने नजर वेगाच्या काट्यावर लावली. अठरा. अठरा. मग रंगुबाईचा हात वर गेला आणि आरशात मोनिका नव्हती.

त्याच्या हाताने त्याला विचारलं नाही. वेगाचा खटका एकदम मागे ओढला गेला. होडी थबकली, आणि मागून येणारी लाट त्या खालच्या कोपऱ्यावरून बादल्या ओतल्यासारखी आत आली. रंगुबाईचे पाय गुडघ्यापर्यंत बुडाले. कोपरा वर येईना. पाणी काठाशी आलं, काठावरून थोडं थोडं आत येत राहिलं.

"पळवा की! काठाला घ्या!" रंगुबाई किंचाळली.

पळवली असती तर कदाचित कोपरा वर आला असता. पण मोनिका मागून पोहत येत होती, दहा हातांवर, आणि तळाखाली पंखा होता. कानिफनाथने चावी बंद केली. इंजिन गप्प झालं. त्या शांततेत पाणी आत येण्याचा आवाज फार स्पष्ट ऐकू येत होता.

"गोणी!" तो म्हणाला. "रंगे, गोणी उचल."

पहिली गोणी दोघांनी उजवीकडून टाकली. दुसरी सुतळी सुटून त्याच्या पायांवर सांडली. मोनिका पुढच्या बाजूने चढून आत आली, तिने आसन उचललं आणि तिला वाळू दिसली. तिने तिसरी उचलली. सहावी गेली तेव्हा कोपरा बोटभर वर आला. तळातला पंप शिरलेलं पाणी बाहेर फेकत राहिला. तिघं ओली, दम लागलेली बसली.

"वाळू, काका?" मोनिका म्हणाली.

"पिशवी फुटली हुती."

"होडीत पाणी शिरलं तरी पिशवीतलं पाणी तिला खाली ओढत नाही. पाण्यात पाण्याला वजन नसतं. वाळू ओढते. सरळ तळाला नेते."

त्याला ते लगेच कळलं. त्याने चावी काढून तिच्यासमोर धरली.

"दुसरा मानूस बघ, ताई," तो म्हणाला. "माझ्या हातावर माझा आता इस्वास न्हाई."

"मालकाने एक बघून ठेवलाय. म्हणतो, पोरगा कशालाच भीत नाही." तिने केस पिळले. "त्याने इंजिन बंद केलं नसतं. त्याच्यामागं मी फळीवर उभी राहणार नाही."

"आन् यांच्यामागं राहशील?" रंगुबाईने विचारलं. "ह्या ढगाला भिणाऱ्या मानसामागं?"

"मला न सांगता होडीत काही ठेवणार नसतील तर."

कानिफनाथने मान हलवली. ती होकाराची की नुसती, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

सोनईच्या पंक्चरवाल्याने पिशवीला ठिगळ लावून दिलं. दोन दिवसांनी सकाळी कानिफनाथने ती भरली, ठिगळावर गाल ठेवून पाणी झिरपतं का ते पाहिलं, आसनं एकेक उचलून मोनिकाला दाखवली. होडी कलली. पोटातलं ते सरकलं. जाग्यावर आलं नाही, आणि तसंच घेऊन तो चाकाशी बसला.

अठरा. ती उभी राहिली. दोरी आत येऊन पडली. तो मोजत होता, का ते ठाऊक नाही. एकेचाळीसवर रंगुबाईचा हात वर गेला.

त्याचा हात खटक्यावर आवळला. मागे ओढायला मनगट तयार होतं. त्याने दुसऱ्या हाताने ते मनगट धरलं, आणि दोन्ही हातांनी मिळून खटका केसाकेसाने मागे आणला. सोळा. बारा. सात. लाट होडीखालून निघून गेली, कोपरा डुलला, कोरडा राहिला. मोठं वळण घेऊन तो परत आला आणि तिच्यापासून वीस हातांवर चावी बंद केली.

तिचं नारिंगी लाइफ जॅकेट पाण्यात वरखाली होत होतं. चेहरा दुसरीकडे होता.

"ताई!" तो ओरडला. आवाज फाटला. "ए ताई! हायस का?"

तिने मान वळवली, तोंडातलं पाणी थुंकलं. "आहे. फळी कुठं गेली बघा."

फळी पाण्यात उभ्या असलेल्या बाभळीच्या वठलेल्या खोडाला टेकली होती. कानिफनाथने वल्हं काढलं आणि, ती अजून पाण्यात होती म्हणून, इंजिन न लावता, तिरप्या होडीतून, हळूहळू तिकडे निघाला.