तुमच्या कॉफीचे शनिवार

मामींनी कॉफीचा टंबलर परत माझ्या ट्रेमध्ये ठेवला. भजनाला आलेल्या चार बायकांसमोर.

"हिच्या हातची नको. पोटातलं पाडायला निघालीये."

मग सगळ्यांनीच ठेवले. एकीने तर अर्धी प्यायली होती.

मामी तंजावरच्या मराठी, घर मैलापुरात. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला. नवरा ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात. माझी शाळा सातवीत सुटली. या परक्या शहरात मराठी बोलणारं माणूस भेटलं म्हणून मी त्यांच्या पाया पडले होते. मागची खोली त्यांनीच दिली. उपकार आहेत, नाकारत नाही.

पण माझ्या काळजाची झडप खराब. तिसरा महिना होता. डॉक्टरीण म्हणाली, दिवस पुढे गेले तर तू वाचणार नाहीस. मूल मला हवं होतं. ते कुणी विचारलंच नाही.

बायका गेल्यावर मामी म्हणाल्या, "तुम्ही ज्यू ना गो? तुमच्या देवाला चालतं हे? तुमच्या भटजीकडून लिहून आण. मग राहा इथं."

मला संशय आला. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले. शनिवारी आमचा शब्बाथ, काम करायचं नाही. दोन वर्षं ती सुट्टी मागत होते. मामी म्हणायच्या, "शनिवारी भजन असतं, कॉफी कोण करणार?" तेव्हा त्यांना माझा देव का नाही आठवला?

तरी भीती वाटलीच. गावी आईला फोन लावला. तिने आमची प्रार्थना चालवणाऱ्या हझानकाकांकडे दिला.

"मूल बाहेर येईपर्यंत आईचा जीव आधी," काका म्हणाले.

"मला बरं वाटावं म्हणून सांगताय ना?"

काका चिडले. "अगं, जीव वाचवायला आपण शब्बाथसुद्धा मोडतो! तुला काय मर म्हणून सांगू?"

लिहून द्यायलाही तयार होते. मीच नको म्हटलं.

"आणलंस?" मामींनी विचारलं.

"नाही आणणार. जीव माझा आहे."

"मग खोली?"

"सोडते."

दवाखान्याची तारीख नेमकी शनिवारची निघाली. दोन वर्षं शब्बाथ मोडला तो मामींच्या कॉफीसाठी. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या जीवासाठी मोडला. मूल गेलं. मी आहे.

आता नव्या कामावर कुणी फार मायेनं माझा धर्म विचारला की मी आधी विचारते, शनिवारी सुट्टी आहे का? नसेल तर चप्पल घालते. माझा शनिवार आता कुणाच्या ट्रेमध्ये ठेवणार नाही.