शांत खोली

गिरणीच्या पाळणाघरात मी दुपटी धुवायची. बारा पाळणे सांभाळायला एकटी जुनी आया, सगळ्यांची थोरली मावशी. एवढी बाळं, पण खोलीत हूं की चूं नाही! साहेब पाहुण्यांना मुद्दाम आणून दाखवायचे आणि मावशी मान ताठ करून उभी राहायची.

तिची रीत साधी होती. नवं बाळ ‘अगू, अगू’ करतं आणि कुणी ओ देतंय का म्हणून बघत राहतं. मावशी दूध पाजायची, दुपटं बदलायची, पण त्याच्याकडे बघायची नाही की बोलायची नाही. जेवणाच्या सुट्टीत मात्र हिच्याच तोंडाचा पट्टा सुरू. मी एकदा दारातून ‘काय रे सोन्या’ म्हटलं, तर अंगावर आली.

“एकाला ओ दिलीस की बाराही डोक्यावर बसतील. तू सांभाळणारेस?”

मी परत दुपटी पिळायला लागले. नोकरी मलाही हवी होती. आठवडाभर बाळ हाका मारायचं, मग भिंतीकडे तोंड करून पडायचं. मावशी म्हणायची, “लागलं वळण.”

पुढे तिच्या लेकीला गिरणीत काम लागलं आणि चार महिन्यांची नात सातव्या पाळण्यात आली. भारी बोलकी पोर, माझ्या बादलीशीसुद्धा गप्पा मारायची.

“हिच्याशी तरी बोल गं,” मी म्हटलं.

“म्हणजे साहेब म्हणणार, घरचंच पोर बघते.”

नवव्या दिवशी नात गप्प झाली. लेक वेगळी राहायची. दोन पाळ्या करून घरी पोचेपर्यंत पोर झोपलेली असायची, त्यामुळे तिच्या लक्षातच आलं नाही.

पोरीला अकरावा महिना लागला तेव्हा लेक डॉक्टरकडून थेट कामावर आली.

“कान चांगलेत म्हणाले. पण बा नाही, मा नाही, असं कसं? दिवसभर हिच्याशी कोण बोलतं, विचारत होते. मी म्हटलं, आजी असते ना! तर म्हणाले, मग काळजी नको.”

लेक गेल्यावर मावशीने हातातली बाटली खाली ठेवली आणि पाळण्यावर वाकली. “बोल ना गं राणी. आजीशी बोल ना.” एकदा म्हणाली, दहादा म्हणाली, शेवटी ओरडली. बाकीच्या अकरा पाळण्यांतून एकानेही मान वळवली नाही. मला तिची कीव आली नाही. पोरीची आली, आणि माझी मलाच लाज वाटली.

नातीने क्षणभर तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग वळणाप्रमाणे भिंतीकडे तोंड करून पडली.