फळ्याजवळची जागा

सिंगापूरमधल्या आमच्या बेडोकच्या ब्लॉकमधल्या दमयंतीकाकू सत्तरीच्या आहेत आणि दर शनिवारी संध्याकाळी पबमध्ये जातात. पब समुद्रकाठचा, जुना, लाकडी बाकांचा. पहिल्यांदा मुलगा प्रणव त्यांना वाऱ्यावर बसायला म्हणून घेऊन गेला होता. तिथे डार्ट्सचा, म्हणजे भिंतीवरच्या गोल चकतीवर छोटे बाण फेकायचा खेळ रंगतो. पाचशे एकातून प्रत्येक फेकीचे गुण वजा करत शून्यावर यायचं. फळ्यावर आकडे लिहिणारा चुकला, की काकू सरबत पिता पिता बसल्या जागेवरून बरोबर आकडा सांगायच्या. शेवटी मालकाने, टॅनने, खडूच त्यांच्या हातात दिला. तीन वर्षं त्या फळ्याजवळ उभ्या राहिल्या. एरवी त्या नातवंडांची आजी, नाहीतर प्रणवची आई. इथे मात्र त्यांचा शब्द शेवटचा.

गेल्या शनिवारी मीही सोबत होते. फळ्याच्या जागी आपोआप गुण मोजणारा स्क्रीन लागला होता.

"आँटी, आता तुम्ही बसून आराम करा लाह!" टॅन म्हणाला.

"आरामाला घर आहे की," काकू माझ्या कानाशी पुटपुटल्या. मग टॅनपुढे हात करून म्हणाल्या, "बाण दे."

पहिला भिंतीत गेला, दुसरा जमिनीवर पडला. तिसरा कसाबसा चकतीच्या कडेला रुतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"नॉट बॅड, आँटी!" टॅन म्हणाला.

"खोटं नको बोलूस," काकू भिंतीतला बाण उपटत म्हणाल्या. "उद्या दुपारी किती वाजता उघडतोस? कोणी नसताना येते."