लंकाबाईच्या धुराड्याचा चोर

निरगुडसरच्या कुंडलिकचा कशावरच विश्वास नाही. हॉटेलात चहा आला तरी आधी त्याची वाफ कुठं जाते ते बघतो, मग घोट घेतो. पाहुण्याच्या घरी गेला की माणसांना रामराम नंतर, आधी नजर वर आढ्याकडं. वासे काळे किती, कोळ्याची जाळी काजळीनं लोंबते किती, यावरून त्याला त्या घरातल्या बाईचा खोकला कळतो. बिनधुराच्या चुली बांधणं हा त्याचा धंदा, आणि गेली कित्येक वर्षं त्यानं तोच केला. माती, विटा, सिमेंटची नळी, वर पत्र्याची टोपी. एवढ्या सामानावर त्यानं आंबेगाव-जुन्नरमधली बरीच स्वयंपाकघरं मोकळी केली.

आता म्हणाल, घरोघरी गॅस असताना चुली कशाला? गॅस आहेच. पण बाजरीची भाकरी आणि न्हाणीचं पाणी अजून जळणावरच होतं. आणि डोंगरातल्या वाडीवर सिलिंडर पोचेपर्यंत माणूस उपाशी राहील.

संशय त्याच्या अंगात मुरला तो पिंपरी पेंढारच्या एका घरानं. तिथली उज्ज्वला वहिनी सगळ्यांना सांगायची, "भाऊंची चूल लई झ्याक!" कुंडलिकनं चुलीत हात घातला, तर राख थंडगार आणि वर मांजर निजलेलं. परसात गेला, तर तीन दगडांवर डाळ शिजतेय. "वहिनी," तो म्हणाला, "तुमी एक सांगता आन मांजर दुसरंच सांगतंय." नवी चूल खराब होऊ नये म्हणून बाई ती फक्त पाहुण्यांपुरती पेटवत होत्या! तेव्हापासून तो बायकांच्या तोंडच्या कौतुकावरसुद्धा चुलीला हात लावून बघितल्याशिवाय भरोसा ठेवत नाही.

तर अशा या माणसाला डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत लंकाबाई भेटली.

लंकाबाईच्या घरी ती आणि तिची सून रुपाली. रुपालीचे डोळे धुरानं कायम लाल, भाकरी थापताना पदरानं नाक पुसायची. तिच्याच हट्टानं चूल बसली. वाडीतली पहिली. बाकीची घरं नुसती बघत होती. लंकाबाईनं पहिल्याच दिवशी बजावलं, "बांध बाबा. पर घरात धूर आला, तर कुदळीनं फोडीन आन वाडीत दुसरी बसू देणार न्हाई."

आणि धूर आला! दीड-दोन महिने गेले नाहीत तोच रुपालीचा फोन. "भाऊ, परत घर भरतंय वो. आत्याबाई कुदळ शोधत्यात."

कुंडलिकनं पहिला संशय घेतला जळणावर. पण जळण खडखडीत वाळलेलं. दुसरा साळुंकीवर. कौलांवर चढून टोपी काढली, घरटं नाही की काडी नाही. चूल पेटवून बघितली, धूर सरळ वर गेला. तो घरी आला आणि पाठोपाठ पुन्हा फोन. आता संशय गेला दादाभाऊवर. दादाभाऊ दुसरा गवंडी. तो बाजारात सांगत फिरत होता, "कुंडलिकच्या धुराड्यातनं धूर आत येतोय, राव." पण दादाभाऊ डोंगर चढून रोज कुणाच्या नळीत बोळा कोंबायला जाणार? त्याला आपल्या घरचा जिना चढताना धाप लागते.

शेवटी कुंडलिक न सांगता गेला. वाडीच्या समोरच्या उतारावर ऐनाच्या झाडाआड बसला, बिबट्या बसावा तसा. लंकाबाईच्या घरावर टोपीतून छान निळा धूर निघत होता. थोड्या वेळानं रुपाली हंडा घेऊन पाण्याला निघाली. ती वळणाआड जाते न जाते, तोच टोपीचा धूर बंद. आणि कौलांच्या फटीफटीतून धूर पाझरायला लागला.

कुंडलिक असा धावला, की चप्पल उतारावरच राहिली. दारात पोचला, तेव्हा लंकाबाई चुलीपाशी शांत बसून भाकरी थापत होती. घरात धूर, पण नळीचं सगळं जिथल्या तिथं. काजळी काढायला नळीच्या अंगाला त्यानं एक भोक ठेवलं होतं, त्यावर मातीचं झाकण. झाकणही बसलेलं. पण त्याच्यावर पांढरी बोटं उमटलेली.

"मावशी, हे झाकण कुणी काढलं व्हतं?"

"वाऱ्यानं."

"वारा पीठ मळून आला व्हता का?"

लंकाबाईनं आपल्या हाताकडं बघितलं. मग भाकरी तव्यावर टाकली आणि उठली. "वर बघ. लई वर बघायची खोड हाय ना तुला? मग हे कसं दिसलं न्हाई?"

चुलीच्या वर बांबूची ताटी टांगलेली होती. तिच्यावर मक्याची कणसं, वाळलेले दोडके, नाचणीच्या जुड्या. पुढच्या वर्षीचं बियाणं. तिच्या सासूच्या हातापासून चालत आलेलं, दुकानात न मिळणारं. तिनं एक कणीस काढून त्याच्या हातात ठेवलं. दाण्यादाण्याला भोक.

"धूर लागायचा तवर किडा फिरकत नव्हता. तू धूर बाहेर नेलास पावण्या, आन माझं बी किड्याला दिलंस. ती पोरगी खोकती, मला दिसत न्हाई का? म्हणून ती पाण्याला गेली की मी झाकण काढती, उरलेलं बी वाचवायला. सांगितलं असतं तर म्हणाली असती, म्हातारीला सुनेपरीस कणसं प्यारी."

कुंडलिकनं मान वर करून ताटी न्याहाळली. इतकी वर्षं त्यानं छताची काजळी बघितली, त्या काजळीत टांगलेलं बियाणं कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो पत्रा घेऊन आला. नळी कौलातून बाहेर पडते तिथं, अगदी वर, त्यानं एक पेटी केली. धूर पेटीत शिरावा, रेंगाळावा आणि मग बाहेर जावा. पेटीला दार, आत कणसं टांगायला तारेचे आकडे. चूल पेटवून हात आत धरून बसला. ऊब लागत होती, पण चटका नव्हता.

"माझं बी भाजलं म्हंजे?" लंकाबाई म्हणाली.

"न्हाई भाजायचं."

"तू चुलीबद्दलबी असंच म्हणला व्हतास. काहीतरी गहाण ठिवून जा."

"काय ठिवू?"

तिनं बोट दाखवलं त्याच्या ओळंब्याकडं. भिंत सरळ बघायचा लोखंडी लंबक, वस्तादानं दिलेला. गवंड्याकडून ओळंबा घेणं म्हणजे सोनाराकडून तराजू घेणं! पण कुंडलिकनं काढून दिला, आणि चैत्र-वैशाख दुसऱ्याच्या ओळंब्यावर भिंती बांधल्या. तोही वाकडाच असणार, असा संशय घेत.

पेरणीच्या तोंडाला बोलावणं आलं. लंकाबाईनं दोन ओल्या फडक्यांच्या पुरचुंड्या पुढं ठेवल्या. एकीत पेटीतलं बी, दुसरीत शेजारच्या मंगलच्या जुन्या चुलीवरचं. तिचाही त्याच्यावर भरोसा नव्हताच. दोन्हीकडं पांढरे कोंब सारखेच निघाले होते.

"हं," लंकाबाई म्हणाली. बस, एवढंच. आणि पेटीच्या दारातून त्याचा ओळंबा काढून दिला, काळाकुट्ट, कणसांच्या रांगेत टांगलेला. "लोखंडाला गंज चढू नये म्हणून धुरात ठिवला."

मागून रुपाली हसली. तिचे डोळे पांढरेशुभ्र दिसत होते. दारात मंगल उभी होती, तिला चूल हवी होती, "पर पेटीवाली."

तरी कुंडलिक तो कुंडलिकच. निघता निघता त्यानं नळीच्या झाकणाकडं हात नेला. हलेना. नखानं खरवडलं, तरी हलेना. लंकाबाईनं ते चिखलानं कायमचं लिंपून टाकलं होतं, वर पाची बोटांचा ठसा.

"अवो मावशी, आता काजळी कुठनं काढू?"

"ते तू बघ," लंकाबाई म्हणाली. "माझा हात पुन्हा तिकडं जाऊ नये म्हणून लिंपलंय."

कुंडलिकनं चप्पल काढली, थापी घेतली, आणि आनंदानं शिव्या घालत झाकण फोडायला बसला.