अडगळीवरची फेरी

शहराच्या धक्क्यावरून स्नॉर्कलिंगला नेणाऱ्या बोटी बऱ्याच होत्या, पण जाणकार लोक वहिनीच्या बोटीसाठी थांबायचे. वहिनी हे काही तिचं नाव नव्हे. धाकटा दीर तिला वहिनी म्हणायचा, त्याचं ऐकून धक्क्यावरचे सगळे म्हणायला लागले आणि मग गिऱ्हाइकंही. तिच्या बापाच्या वयाचे म्हातारे तिला वहिनी म्हणत मास्क मागायचे, आणि तीही गंभीर चेहऱ्याने ‘घ्या भाऊजी’ म्हणून द्यायची.

तिच्या नवऱ्यालाही सगळे टोपणनावानेच ओळखायचे. बगळा. किडकिडीत अंग, लांबच लांब पाय, आणि बोटीच्या टोकाशी उभं राहून मान पुढे काढून पाण्यात बघत राहायची सवय. दुसरं कुठलं नाव त्याला शोभलंच नसतं. शहराजवळचा समुद्र त्याला घरासारखा पाठ होता, म्हणून जागांना नावंही त्याने घरातलीच दिली होती. किनाऱ्यालगत कमरेइतकं पाणी आणि खाली मऊ वाळू, ते न्हाणीघर. नवशिक्यांना पहिल्यांदा तिथे भिजवायचं. दीपगृहाच्या पायथ्याशी खडक पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरतात, तो जिना. तिथे सकाळी वारा सुटायच्या आत जायचं, म्हणजे प्रत्येक पायरीवर वेगळे मासे दिसतात. बेटाच्या आडोशाला प्रवाळ दाटीवाटीने वाढलेलं आहे, ते कोठार. ज्याला एकच जागा बघायला वेळ आहे त्याने कोठार बघावं, असं बगळ्याचं ठाम मत होतं आणि त्याबद्दल तो कुणाशीही भांडायला तयार असे.

आणि बेटाच्या पलीकडे, उघड्या समुद्राच्या बाजूला, अडगळ. काळ्या खडकांचा भला मोठा पट्टा, नुसत्या भेगाच भेगा. फाटकी जाळी, फळ्या, एकदा तर अख्खी खुर्ची तिथे अडकलेली होती. पाण्याला ओढ अशी, की समुद्राला जे नकोसं होतं ते तो तिथे आणून टाकतो. तिथे बगळ्याने गिऱ्हाइकाला कधी नेलं नाही.

वहिनी समुद्रापासून लांबच्या गावची. लग्न होऊन आली तेव्हा तिला पोहताही येत नव्हतं. बगळ्याने तिला न्हाणीघरात शिकवलं. पहिल्या दिवशी तिने एवढं पाणी गिळलं, की ओहोटी हिच्यामुळेच आली, असं तो पुढे वर्षानुवर्षं लोकांना सांगत असे. पण शिकली ती अशी शिकली, की दोन-तीन वर्षांत एका दमात त्याच्याहून खोल जायला लागली. त्याला तिचं कौतुकच होतं.

त्याच्या बोटीवर एक रीत होती. पाण्यातून वर आलेला माणूस शिडीवर असतानाच त्याला विचारायचं, ‘काय दिसलं?’ सांगितल्याशिवाय टॉवेल मिळणार नाही. कुणी कासव सांगायचं, कुणी निळा तारामासा. एका जाड्या गृहस्थाने ‘माझेच पाय’ असं प्रामाणिकपणे सांगितलं, तेव्हा बोट हसून हसून डुलली होती.

मोसम संपत आला होता तेव्हाची गोष्ट. कोठाराच्या खडकात कुणाचं तरी जाळं अडकलं होतं, ते सोडवायला बगळा पहाटे लहान होडी घेऊन एकटाच गेला. दुपारी होडी सापडली. रिकामी, नांगर वर घेतलेला, आपली आपण तरंगत चाललेली. बचाव पथकाने बोटी घातल्या, पाणबुडे उतरवले, वरून हेलिकॉप्टरही फिरलं. मग एके दिवशी त्यांचा साहेब घरी आला. भला माणूस होता. टोपी हातात घेऊन म्हणाला, “ओढीने बाहेर गेले असावेत. आमच्याकडून शोध थांबवतोय.”

वहिनीने त्याला चहा दिला आणि मनात म्हणाली, तुम्ही थांबवा.

आठवडाभराने तिने बोट पुन्हा सुरू केली आणि धक्क्यावर लोकांची तोंडं सुटली. नवरा जाऊन चार दिवस झाले नाहीत तर हिला धंदा सुचतोय! एक बाई तर तिच्यासमोरच नाक मुरडून गेली. वहिनी बोटीचा दोर सोडत राहिली. काय सांगणार होती? की बोटीतली दहा माणसं एका वेळी तोंड पाण्यात घालून तळाकडे बघतात, आणि एवढे डोळे मला दुसरीकडे कुठून मिळतील?

कारण तिचा हिशोब वेगळा होता. ओढीने बाहेर गेला असेल, तर ओढीनेच आत येईल. रोज भरती-ओहोटी बघून ती जागा ठरवायची: आज जिन्याची खालची पायरी, उद्या कोठाराची मागची कड. गिऱ्हाइकं कुरकुरायची. “इथे मासे नाहीत हो,” एक तरुण म्हणाला, “फोनवर तर सगळे कोठार कोठार करतात.”

“मासे सगळीकडे असतात. तळाशी नीट बघा,” वहिनी म्हणायची.

रीतही तीच राहिली, फक्त प्रश्न लांबला. काय दिसलं? तळाशी काय होतं? भेगेत बघितलंत? पिवळं काही दिसलं? बगळ्याचे पोहताना पायांत घालायचे फिन पिवळेजर्द होते, अख्ख्या धक्क्यावर तसला जोड दुसरा नव्हता. पुढे पुढे तिने त्याचा खेळच केला. ज्याला पिवळं काही दिसेल त्याची पुढची फेरी फुकट. लोक हौसेने शोधायला लागले. कुणी शिडीला हात लावला, की तिचा जीव टांगणीला लागायचा. ‘काही नाही दिसलं’ म्हटलं, की तिला हायसं वाटायचं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याची किळस यायची. आपल्याला तो सापडायला हवाय की नकोय, हे तिचं तिलाच कळेनासं झालं होतं.

एका दुपारी शेडमध्ये मास्क धुताना दिराने विषय काढलाच.

“वहिनी, लोकांना काय शोधायला लावताय, ते मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?”

“मग कळतंय ना. बस झालं.”

“एखाद्या लहान पोराला दिसला म्हणजे? जन्मभर झोपणार नाही ते.”

“दिसू दे,” ती म्हणाली. “मी झोपतेय का? आई झोपतात का?”

सासूबाई त्या दिवसापासून अंथरुणाला पाठ लावत नव्हत्या. खिडकीशी खुर्ची ओढली होती, रात्रंदिवस तिथेच. डोळा लागला की दचकून उठायच्या आणि गल्लीकडे बघायच्या. रोज संध्याकाळी सून दारात आली, की एवढंच विचारायच्या, “लागलं काही हाताला?” म्हातारीचं तोंड सुकून खारकेएवढं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण झोप नाही तर औषध काय करणार?

आणि दिवस हातातून निसटत होते. एकदा वारा फिरला, की हा समुद्र कित्येक महिने बंद. लाटा तळ घुसळून काढतात, वाळू इकडची तिकडे होते, भेगा बुजतात, नव्या उघडतात. मोसम उलटला की शोधण्यासारखं काही उरतच नाही. वहिनी रोज सकाळी आधी आभाळ बघायची, मग चूल पेटवायची.

हवामानाचा इशारा आला. उद्यापासून वारा. वहिनी दिराला म्हणाली, “आज अडगळ.”

“डोकं फिरलंय का तुमचं? माणसं घेऊन?”

“सगळीकडे बघून झालं. तेवढीच राहिलीय. भाऊजी, मी तुमच्या पाया पडते.”

ती खरोखरच वाकली. दिराने तिला धरलं. त्याचाही सख्खा भाऊच होता तो. त्याने इंजिन चालू केलं.

त्या दिवशी गिऱ्हाइकं आठ-दहा होती. त्यांत एक बँकेतले गृहस्थ आणि त्यांची शाळकरी मुलगी, दोन वेण्यांची, चुणचुणीत. पिवळ्याचा खेळ ऐकून तिचे डोळे लकाकले. “मीच शोधणार,” तिने बापाला बजावलं. वहिनीने सगळ्यांना लाइफ जॅकेट घातली, बोटीमागे दोर सोडला आणि तीनतीनदा सांगितलं, की दोर सोडायचा नाही. मग स्वतः जॅकेट न घालता पुढे गेली.

पाणी नवल वाटावं इतकं स्वच्छ होतं. ती भेगेमागून भेग बघत चालली. एक जाळं, एक डबा. पुन्हा दम घेतला, पुन्हा खाली. आणि दोन काळ्या खडकांच्या मधल्या अंधारात तिला पिवळं दिसलं.

फिन होता. एकच. उभा.

सुटलेला फिन तळाशी आडवा पडतो, नाहीतर पाण्याबरोबर लोळत जातो. तो उभा राहतो तो आत पाय असला तरच. वहिनीला हे कुणी सांगायला नको होतं. तोंडात श्वासाची नळी असतानाही ती ओरडली.

त्याच वेळी शिट्टी वाजली. पाण्यात तोंड असतानाही ऐकू येईल, अशी दीर शिट्टीमागून शिट्टी मारत होता.

तिने डोकं वर काढलं. दोराच्या टोकाशी मुलगी नव्हती. दोन वेण्या लांब, फार लांब, खडकांच्या कडेला जिथे लाटा फुटतात तिकडे सरकत होत्या. जॅकेटमुळे ती बुडणार नव्हती, पण आपटणार होती. बोट तिथपर्यंत नेता येत नव्हती. खाली खडक होते.

वहिनीने एकदा खाली बघितलं. तो तिथे होता. एका दमात हात लावता आला असता. फक्त हात. ती मनात म्हणाली, थांबा, आलेच. आणि ओढीच्या दिशेने सुटली.

किती पोहली, कुठून कशी वळली, तिला कळलं नाही. मुलीला पहिल्या खडकाअलीकडे गाठलं, तिच्या जॅकेटचा पट्टा धरला, एका लाटेने दोघींना फरफटवलं, वहिनीचा खांदा सोलून निघाला. मग बाहेरच्या बाजूला, खोल पाण्यात, दीर बोट घेऊन वळसा घालून आला आणि त्याने दोघींना वर ओढलं.

मुलगी ओकली, मग रडायला लागली. “काय माणसं आहात तुम्ही!” बाप वहिनीच्या अंगावर धावून गेला. “अशा जागी आणतात का पोरांना?”

“बाबा, पिवळा मासा होता,” मुलगी हुंदके देत म्हणाली. “मला वाटलं, वहिनींना दाखवू.”

ती काय बोलली हे वहिनीपर्यंत पोचायला जरा वेळ लागला. पोचलं तेव्हा ती बोटीच्या काठाला धरून खाली बसली. मग दिराचा दंड धरून म्हणाली, “भाऊजी, बोट फिरवा. दिसले मला. तिथे आहेत.”

दिराचा चेहरा उतरला. “कुठे?”

तिने हात वर केला आणि तो तसाच राहिला.

पाण्यावर पत्ता नसतो. जागा सोडताना किनाऱ्याकडे मान वळवायची आणि दोन खुणा घ्यायच्या: दीपगृह कशाच्या रेषेत येतंय, बेटाचं टोक कुठल्या डोंगराला लागतंय. धक्क्यावरचं शेंबडं पोरही हे करतं. घरातून निघताना दाराला कडी घालावी, तसं हाताच्या सवयीचं काम. वहिनीने आयुष्यात एकदाही ते चुकवलं नव्हतं. आज ती मुलीकडे बघत सुटली आणि खुणा घ्यायच्या राहिल्या. समोर सगळीकडे सारखेच काळे खडक आणि सारखाच फेस.

“तिकडे,” ती म्हणाली. मग, “नाही. त्याच्या अलीकडे. दोन खडक होते... भाऊजी, दोन खडक होते हो.”

वारा वाढला होता. पाणी घुसळून गढूळ होत चाललं होतं, बोटीतली बाकीची माणसं एकमेकांना धरून बसली होती. दिराने एक फेरी मारली, दुसरी मारली. तिसऱ्या वेळी बोट खडकाला घासली, तेव्हा एक बाई किंचाळली. दीर रडत रडतच सुकाणू घराकडे वळवायला लागला. वहिनीने त्याच्या हाताला चावा घेतला. तरी त्याने वळवलं.

संध्याकाळी बंदराच्या कचेरीवर समुद्र बंदचं निशाण चढलं.

वहिनी ओल्या कपड्यांनी घरात आली. सासूबाईंनी खुर्चीतून बघितलं आणि आज त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. सुनेचं तोंड बघून त्यांना समजलं.

“सापडला?”

“दिसले, आई. अडगळीत आहेत. खडकांच्या मध्ये.”

म्हातारीने डोळे मिटले. “मग आणलं का नाहीस?”

“एक पोरगी वाहून चालली होती.”

“मग?”

“तिला आणलं.”

“लोकांची पोरगी आणलीस,” सासूबाई म्हणाल्या. “माझा मुलगा ठेवून आलीस.”

“हो,” वहिनी म्हणाली.

बाहेर वाऱ्याने कुणाचं तरी दार आपटत होतं. थोड्या वेळाने सासूबाईंचा आवाज आला, आणि तो मघासारखा नव्हता. “पोरगी बरी आहे ना?”

“बरी आहे. गेली घरी.”

“समुद्र उघडला की जाता येईल?”

“येईल.”

“जागा नीट ध्यानात ठेवलीयस ना? खुणा घेतल्यास?”

बगळ्याची आई होती ती. काय विचारायचं, ते तिला बरोबर ठाऊक होतं. वहिनीने तिच्या सुकलेल्या तोंडाकडे, लाल झालेल्या डोळ्यांकडे बघितलं.

“घेतल्या, आई. डोळे मिटून जाईन.”

“मग थांबू आपण,” सासूबाई म्हणाल्या. “कुठे आहे ते कळलं ना, मग थांबेन मी.”

त्या खुर्चीतून उठल्या, भिंत धरत पलंगापर्यंत गेल्या आणि कुशीवर आडव्या झाल्या. काही वेळातच त्यांना गाढ झोप लागली. वहिनी पलंगाशी जमिनीवर बसली. डोळ्यांपुढे तिने दीपगृह उभं केलं, बेटाचं टोक उभं केलं, डोंगर उभा केला, आणि कशाचीच रेष कशाला लागेना.

दारात दीर आला. हाताला फडकं बांधलेलं होतं. आईला पलंगावर झोपलेली बघून तो चकित झाला आणि काहीतरी विचारायला त्याने तोंड उघडलं.

वहिनीने ओठांवर बोट ठेवलं.