कोळशाने लिहिलेला अंदाज

दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज सांगायला चार दिवस घेणारा मिस्त्री सबंध खानदेशात एकच होता, आणि तो माझ्या वाट्याला आला. मी नोकरीसाठी धुळ्याला, आणि अमळनेरला माझ्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, चार भाड्याच्या खोल्या. दर उन्हाळ्यात भाडेकरूंच्या तक्रारी आल्या, की मी कंटाळत एसटी धरायचो आणि आबांना बोलवायचो. आबा मापाची फीत वापरत नसत. प्रत्येक खोलीत एक दुपार मुक्काम करत, चहा पीत, भाडेकरूच्या खाटेवर आडवे होऊन छताकडे बघत राहत. एकदा तर घोरायलाच लागले. मी वैतागून म्हणालो, "आबा, तुम्हाला खर्च काढायला बोलावलंय." डोळे न उघडता म्हणाले, "मालकले काय इचारू, भाऊ? जो राहस त्याले माहीत."

याहून अवघड खोड म्हणजे ते अंदाज कागदावर देत नसत. त्या त्या खोलीच्या भिंतीवरच कोळशाने लिहीत आणि भाडेकरूला मोठ्याने वाचून दाखवत. मग घासाघीस कसली करणार? मी "एवढी तुळई राहू द्या" म्हटलं, की चुलीपाशी बसलेली बाई म्हणायची, "भाऊ, तुळई त लिखेल शे."

एका वर्षी शेवटच्या खोलीत त्यांनी लिहिलं : तुळईला वाळवी. आधी तुळई बदला, मग वर माती. एकूण सव्वातीनशे. ते ऐकून तिथला भाडेकरू खोली सोडून गेला. दुसऱ्या एका ठेकेदाराने खोलीत पाऊलही न टाकता दीडशे सांगितले; मी त्याला काम दिलं. त्याने धाब्यावर नवी माती चढवली आणि माझ्या सांगण्यावरून आतून चुना मारला. नवा भाडेकरू आला तेव्हा भिंत पांढरी होती.

श्रावणात माती भिजून जड झाली आणि तुळई मोडून त्या भाडेकरूच्या अंगावर आली. तो तेलाच्या गिरणीतला कामगार. त्याचा पाय जन्माचा अधू झाला. गल्ली जमली. कोणीतरी विचारलं, "अंदाज कोनी काढेल व्हता?"

मी म्हणालो, "आबांनी."

ते खोटं नव्हतं, म्हणून तर इतकी वर्षं पचलं. आबा धावत आले, भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. हळूच म्हणाले, "भाऊ, चुनाना दोन हात मारेल दिसतस." आणि ढिगाऱ्यातून त्या माणसाची भांडी काढायला लागले. पुढे अमळनेरात त्यांना अंदाजाला कोणी बोलावलं नाही. नरडाण्याकडे दुसऱ्याच्या हाताखाली रोजाने विटा रचायचे, असं कानावर आलं. मी गेलो नाही.

आता आबा नाहीत. परक्या घरी आडवा झालो की माझी नजर आधी तुळईकडे जाते. म्हणून त्यांच्यासारखंच, सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो : तुळई बदला, असं आबांनी लिहिलं होतं. भिंत मी पांढरी करवली. हे खरं तर कोळशानेच लिहायचं. पण घरात आता चूल नाही, कोळसाही नाही.